रिव्हॉल्व्हरची चाबी कोणासाठी?

बुधवार बाजाराच्या दिवशी सक्करदऱ्यात दवाखान्याला गर्दी असते. त्या गर्दीतही एक जुने पेशंट ब्लडप्रेशर तपासून झाल्यावर उठेनात. सेवानिवृत्त गृहस्थ, उमरेडकडे शेती, आणि अनेक वर्षांपासून परवान्याचे रिव्हॉल्व्हर. निवडणूक लागली की ते ठाण्यात जमा करायचे आणि आचारसंहिता संपली की परत आणायचे, एवढाच त्याचा आजवरचा प्रवास. आता मुलगा म्हणतो, आतच कुलूप असलेले, चाबीने बंद होणारे नवीन घ्या. यांना ते पटत नाही. "डॉक्टरसाहेब, रात्री शेतावर कोणी आलं तर मी चाबी शोधू, का चोराला बसायला सांगू?"

हा आक्षेप त्यांच्या एकट्याचा नाही. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने २००० सालानंतर रिव्हॉल्व्हरमध्ये असे कुलूप बसवायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या शौकिनांनी चाबीच्या त्या बारीक छिद्रावरून कंपनीला पुष्कळ बोल लावले. ऐन वेळी कुलूप अडकेल, चाबी हरवेल, नाजूक भाग वाढला म्हणजे बिघाडही वाढला, असे त्यांचे म्हणणे. यंत्राच्या दृष्टीने ते अगदीच चुकीचे आहे, असे मी म्हणणार नाही.

शिवाय चाबीचे कुलूप लावले नसेल तर हातातून पडलेल्या रिव्हॉल्व्हरला ते अडवीत नाही. त्यासाठी नव्या बनावटीत घोडा अडवणारा वेगळा भाग असतो. जुन्यात तो असेलच असे नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून पडले, असे तेव्हा सांगण्यात आले. त्याच्या लॉकचा थोडा भाग तुटला होता, असेही बातम्यांत होते. लोक लॉकवर बोलत राहिले. मला प्रश्न पडला तो वेगळाच. ठेवायच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या कशाला हव्यात?

माझा मुद्दा चोराचा नाही, घरच्यांचा आहे. शाळेतल्या पोराला आजोबांच्या आलमारीतले सगळे ठाऊक असते. त्याहून मला धास्ती वाटते ती परीक्षेत नापास झालेल्या, कर्जाने खचलेल्या किंवा घरात भांडण करून खोलीत गेलेल्या माणसाची. आपल्या विदर्भात फवारणीचे औषध पिऊन आणलेले रुग्ण मी अनेक वर्षे पाहतो आहे. जे वाचले त्यांतले कितीतरी जण पुढे सांगतात, तो विचार घटकाभराचाच होता. आज ते संसारात आहेत. ती घटका टळावी म्हणून कुलूप हवे. बंदुकीनंतर डॉक्टरच्या हाती फारसे काही उरत नाही.

यावर अभ्यासही झाला आहे. २००५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. हत्यार रिकामे ठेवणे, ते कुलपात ठेवणे, गोळ्या वेगळ्या ठेवणे आणि गोळ्यांनाही कुलूप लावणे, या चारही सवयी असलेल्या घरांत मुलांच्या आत्महत्येचा व अपघाताचा धोका कमी आढळला. यांतल्या एकीलाही रिव्हॉल्व्हरच्या आतले कुलूप लागत नाही. लोखंडी पेटी आणि साधे कुलूप पुरते. म्हणून मुलाला मी सांगेन, नव्या रिव्हॉल्व्हरचा खर्च करू नका. आणि वडिलांना सांगेन, शेतावरच्या चोराच्या नावाने भरलेले रिव्हॉल्व्हर उशाशी ठेवू नका. घरात कोणी फार उदास असेल तर काही दिवस ते कायदेशीर मार्गाने घराबाहेरच ठेवलेले बरे. परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा. त्या माणसाशी मोकळेपणाने बोला. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

त्या गृहस्थांनी पेटी घेतली. गोळ्या दुसऱ्या खोलीत गेल्या. परवा सहज विचारले, चाबी कुठे असते? म्हणाले, देवघरात, गणपतीच्या मागे. नातू रोज संध्याकाळी तिथेच शुभंकरोती म्हणायला बसतो. जागा बदला म्हणून सांगितले आहे. पुढच्या बुधवारी ब्लडप्रेशरसोबत तेही विचारणार आहे.