एका वहीतली वर्गणी



जयंतीची वर्गणी आणि टीमच्या बॉलची वर्गणी एकाच वहीत मांडणारा माणूस आमच्या नातेपुत्याच्या वस्तीत होता. पोरांना गुत्त्यावरनं उठवून कबड्डीला उभं करायचा आणि त्याच पोरांना मोर्चाला न्यायचा. जन्मभर हेच. आषाढीला माऊलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला आली की पेपरवाले पानंच्या पानं भरतात. आमचा म्हातारा गेला तेव्हा चार ओळीही आल्या नाहीत. येणार कशा? पेपर कुणाचे?

शहरातले आपले काही मित्र विचारतात, चळवळीत हे बॉल-बॅटचं खूळ कशाला? त्यांच्यासाठी बाळू पालवणकर सांगतो.

जात चांभार. बाप फौजेत. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर बाळू पिच लोळवायचा, नेट बांधायचा. ग्रेग नावाच्या साहेबाला तासन्तास बॉल टाकायचा. टाकायला चालत होता. बॅट हातात कुणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायची खाज सुटली, तेव्हा बाळू लागला. मैदानात सगळे एकच बॉल हाताळायचे. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवायला वेगळं टेबल. बॉल बाटत नव्हता, कप बाटत होता. चवदार तळ्याच्या कितीतरी वर्षं आधीची ही गोष्ट.

1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी गोऱ्यांना हरवलं, त्यात बाळू होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर विकेट काढल्या. लोकांनी डोक्यावर घेतला. तरुणपणी बाबासाहेबांनाही त्याचं कौतुक होतं. एवढं होऊनही हिंदूंच्या टीमचं कप्तानपद? नाही. त्याला कायमचा कप्तान केला नाही तो नाहीच.

आता नीट ऐका. 1920 साली कप्तानपद पुन्हा जातीवरून डावललं, तेव्हा त्याचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम टीममधून बाहेर पडले. का, तेही त्यांनी जाहीर सांगितलं. 1923 साली विठ्ठल कप्तान झाला. मधल्या तीन वर्षांत सवर्णांचं हृदय पाघळलं असेल असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. मला वाटत नाही. शंभर विकेटींनी जे मिळालं नाही ते बाहेर पडण्यानं मिळालं. पण विकेटी नसत्या तर बाहेर पडण्याची दखल तरी कुणी घेतली असती? म्हणून वही एकच लागते. आमच्या म्हाताऱ्यानं पालवणकरांचं नावही ऐकलं नसेल, तरी एवढं त्याला कळत होतं.

इथपर्यंत टाळ्या. पुढचं पान आपल्यातले पुष्कळजण उलटून टाकतात. 1932 च्या पुणे करारावर बाळूचीही सही आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्याला मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभा केला. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूला 11,225. ज्यांनी एकेकाळी त्याला कप दिला नव्हता, त्यांच्याच लोकांनी आता त्याला तिकीट दिलं. त्यानं ते घेतलं. माझ्या लेखी ही त्याची घोडचूक, आणि ती लिहिलीच पाहिजे. पण म्हणून त्याची चार रुपयांची नोकरी, त्याचं मातीचं भांडं आणि त्याच्या विकेटी आपण सोडायच्या? मग त्या घेणार कोण? घेणारे टपून बसलेत. उद्या तेच त्याला 'महान हिंदू खेळाडू' म्हणून फोटोत लावतील आणि भांडं फ्रेमच्या बाहेर ठेवतील.

आज नातेपुत्याच्या आसपास पुढाऱ्यांच्या नावाच्या टूर्नामेंटा होतात. आपली पोरं पुढाऱ्याचा फोटो छापलेला टी-शर्ट घालून खेळतात. पोरांना शिव्या देऊ नका. त्यांच्यासाठी वही घालून बसायला आपल्यातलं कोण तयार आहे, ते सांगा. बॉल आपल्या वर्गणीचा असला की टी-शर्टावर कुणाचं थोबाड असावं ते आपण ठरवतो.

बाळू 1955 साली मुंबईत वारला. विठ्ठलनं 1948 मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं पुस्तक लिहिलं, मराठीत. कुणाच्या घरात, कुठल्या जुन्या लायब्ररीत प्रत असेल तर कळवा. नातेपुत्यात पोरांना बसवून ते मोठ्यानं वाचायचं ठरवलंय.