‘चालतंय ना, मग हात कशाला लावता?’

राउटर बंद पडला की सगळे धावतात. तो चालू असेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. अभ्यासिका, ट्रस्टचे कार्यालय, कोचिंग क्लास, सायबर कॅफे, सगळीकडे हेच चित्र. कपाटावर धूळ खात पडलेला डबा आणि त्यावर लुकलुकणारे चार हिरवे दिवे. त्याचे सॉफ्टवेअर शेवटचे कधी अपडेट केले? सेटिंगचा बॅकअप कुठे आहे? अ‍ॅडमिन पासवर्ड कोणाकडे आहे? उत्तर ठरलेले असते: ‘ज्याने लावला त्या मुलाला माहीत.’ आणि तो मुलगा दोन वर्षांपूर्वीच नोकरीसाठी पुण्याला किंवा दुबईला गेलेला असतो.

हा विषय ‘टेक्निकल’ आहे असे म्हणून आपण तो टाळतो. मला हे मान्य नाही. संस्थेच्या हिशेबाची वही एकाच माणसाच्या डोक्यात असलेली आपण चालवून घेऊ का? मग ज्या डब्यातून संस्थेचा सगळा व्यवहार जातो, त्याची किल्ली एकाच्या डोक्यात का?

बेफिकिरीची किंमत काय असते, याचे उदाहरण मायक्रोटिक या लॅटव्हियातील कंपनीचे घेऊ. तिचे राउटर स्वस्त आणि दणकट असतात. आपल्याकडचे अनेक छोटे इंटरनेट पुरवठादारही ते वापरतात. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या राउटरओएस या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडले. विनबॉक्स हे व्यवस्थापनाचे दार इंटरनेटला उघडे असेल, तर बाहेरचा कोणीही वापरकर्त्यांची फाइल वाचून पासवर्ड मिळवू शकत होता. कंपनीने वेळ घालवला नाही. २३ एप्रिललाच दुरुस्त आवृत्ती दिली, तीही फुकट. आपल्याला फक्त अपडेट करून राउटर पुन्हा सुरू करायचा होता.

तेवढेही झाले नाही. चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, ब्राझीलपासून सुरू झालेली लाट जगभर पसरली आणि दोन लाखांहून अधिक मायक्रोटिक राउटर चोरांच्या ताब्यात गेल्याचे उघड झाले. त्या राउटरमधून जाणाऱ्या वेबपानांत क्रिप्टो चलन खोदणारा कोड घुसवला जात होता. वीज तुमची, संगणक तुमचा, कमाई त्यांची.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियातील यांडेक्स कंपनीवर मेरिस नावाच्या बॉटनेटने हल्ला केला. सेकंदाला २ कोटी १८ लाख विनंत्या! त्यात वापरलेले राउटर पुन्हा मायक्रोटिकचे. कंपनीने तपासून सांगितले की हे तेच, २०१८ साली फोडले गेलेले राउटर आहेत. काहींवर नंतर अपडेट झाले होते, पण पासवर्ड जुनाच राहिला होता. भोक बुजवले तरी चोराच्या खिशात किल्लीची नक्कल होतीच. शिवाय अपडेटने सॉफ्टवेअर बदलते, सेटिंग तशीच राहते. चोराने शेड्युलरमध्ये लपवलेली स्क्रिप्ट किंवा चालू केलेली प्रॉक्सी नव्या आवृत्तीतही गुमान काम करत राहते.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’ हा नेहमीचा युक्तिवाद. पण चोराला तुमच्या फायली नकोच असतात. त्याला तुमचा पत्ता हवा असतो. तुमच्या राउटरमधून दुसऱ्यावर हल्ला झाला, तर माग तुमच्या आयपी पत्त्यापर्यंत येतो आणि पहिली चौकशी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याची होते. आपल्या मोहल्ल्यातल्या संस्थेला अशी चौकशी किती महागात पडू शकते, हे या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या वेळी ‘आम्हाला काही माहीत नाही’ हे वाक्य कामाला येत नाही. नोंद कामाला येते.

दुसरा युक्तिवाद: ‘अपडेट केले की नेट बिघडते.’ हा खोटा नाही. मीही अपडेटनंतर रुसलेले राउटर पाहिले आहेत. पण त्यावर उपाय अपडेट टाळणे नव्हे, आधी बॅकअप घेणे हा आहे. बॅकअप नसला की माणूस अपडेटला घाबरतो, आणि जुन्या सॉफ्टवेअरला लटकून राहतो. ही दोन कामे वेगळी नाहीतच.

बॅकअपमध्येही समज हवी. राउटरओएसमध्ये दोन प्रकार आहेत. एक बॅकअप फाइल: त्याच राउटरवर जशीच्या तशी परत चढवण्यासाठी. दुसरी एक्स्पोर्ट फाइल: सेटिंग साध्या मजकुरात, वाचता येईल अशी. राउटर जळाला आणि दुसरा आणला तर हीच उपयोगी पडते. मात्र वापरकर्त्यांचे पासवर्ड तिच्यात येत नाहीत. ते वेगळे जपून ठेवावे लागतात. दोन्ही फायली घ्या आणि राउटरच्या बाहेर ठेवा. डबाच गेला तर त्यातला बॅकअपही जातो. आणि कृपा करून त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. त्यांत संस्थेची गुपिते असतात. आणखी एक: राउटर आधीच फोडला गेला असेल तर त्याचा बॅकअप म्हणजे चोराचाही बॅकअप. अशा वेळी राउटर पूर्ण रिसेट करून एक्स्पोर्ट फाइल ओळीने वाचत सेटिंग हाताने भरावी.

मग अपडेट. फाइल फक्त कंपनीच्या अधिकृत जागेवरून. चाचणीची आवृत्ती नको, स्टेबल घ्या. परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी नको, रात्री निवांत करा. मध्येच वीज गेली तर राउटर कायमचा आडवा होऊ शकतो, म्हणून यूपीएस हवा. नंतर पासवर्ड बदला, व्यवस्थापनाचे दार इंटरनेटकडून बंद करा, शेड्युलर आणि प्रॉक्सी तपासा. सगळे मिळून तासाभराचे काम. तीन महिन्यांतून एकदा.

दोष मात्र सगळा वापरणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पुरवठादार स्वतःचा राउटर देतो, त्याची सेटिंग कुलूपबंद ठेवतो आणि अपडेटबद्दल विचारले की कॉल सेंटरचा मुलगा ‘रीस्टार्ट करा’ एवढेच सांगतो. किल्ली तुमच्याकडे ठेवली असेल तर राखणही तुम्हीच करा, हे त्यांना ठणकावून विचारले पाहिजे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू आहे: सगळ्या उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकता येत नाही, आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे ग्राहकाला सांगावेच लागते. दुकानात राउटर घेताना हाच प्रश्न आपणही विचारू शकतो. आपण पंख्याची वॉरंटी विचारतो, राउटरची अपडेट किती वर्षे येणार हे विचारत नाही. ज्याच्या अपडेट कंपनीने बंद केल्या, तो राउटर चालू असला तरी कालबाह्यच. तो दान म्हणूनही कोणाला देऊ नका.

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण इंजिनिअरिंग, डिप्लोमा, बीसीए करत आहात. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत, वाचनालयात, ट्रस्टमध्ये जा. एका वहीत राउटरचे मॉडेल, आवृत्ती, शेवटच्या अपडेटची तारीख आणि बॅकअपची जागा लिहा. पासवर्ड बंद पाकिटात घालून दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. पुढच्या अपडेटला एखाद्या अकरावीतल्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा आणि त्यांच्या हातून करून घ्या. म्हणजे उद्या तुम्ही नोकरीसाठी गाव सोडलेत, तर मागे ‘त्या मुलाला माहीत’ असे म्हणायची वेळ कोणावर येणार नाही.