शुभेच्छापत्रावर पत्ता कुणाचा?

ऑगस्टमधल्या रक्षाबंधनापासून ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनापर्यंत, आणि पुढे २६ जानेवारीपर्यंत, देशभरातील शाळांमध्ये एक ओळखीचा उद्योग चालू असतो. जाड रंगीत कागदाची घडी घालायची, भेंडी आडवी कापून तिच्या चकतीने फुले उमटवायची, बटाट्यावर तारा किंवा पणती कोरून तिचा ठसा मारायचा आणि आतल्या बाजूस शिक्षिकेने फळ्यावर लिहून दिलेले वाक्य उतरवून काढायचे. अशा शुभेच्छापत्रांचा गठ्ठा जवळच्या छावणीतील एखाद्या अधिकाऱ्याच्या हाती दिला जातो, छायाचित्र निघते आणि मोहीम संपते. मी राहतो त्या देहरादूनमध्ये गल्लोगल्ली एक तरी निवृत्त सुभेदार भेटतो; तिथे हे दृश्य दर वर्षीचे आहे.

यात हसण्यासारखे काही नाही. २०१६च्या दिवाळीत पंतप्रधानांनी ‘संदेश टू सोल्जर्स’ या मोहिमेद्वारे अ‍ॅप आणि आकाशवाणीमार्फत जवानांना शुभेच्छा पाठवण्याचे आवाहन केले होते. पण पडद्यावर बोट टेकवून पाठवलेला संदेश आणि अर्धा तास बोटे रंगवून केलेले कार्ड यांत फरक आहे. दुसऱ्यात पाठवणाऱ्याचा वेळ खर्च झालेला दिसतो. ठसा तिरका पडलेला असतो, रंग पसरलेला असतो. एखादा जवान असा कागद ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवतो, तो बहुधा त्या तिरकेपणामुळेच. माझी तक्रार वेगळी आहे. या कार्डावर कुणाचाही पत्ता नसतो.

सैनिकाचा पत्ता गुप्त ठेवावा लागतो, हे खरे. १८५६ साली बुशहरच्या मोहिमेबरोबर हिंदुस्थानातून पहिले क्षेत्रीय टपाल कार्यालय रवाना झाले. आजही ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ एवढ्यावर पत्र बर्फातल्या चौकीपर्यंत जाते. गावाचे नाव लिहायचे नसते. मात्र त्या पत्त्यालाही सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट लागतेच. शाळेतल्या कार्डावर यांपैकी काहीही नसते. ते ‘सैनिक’ नावाच्या कल्पनेला लिहिलेले असते, आणि कल्पनेकडून उत्तर येत नाही.

अमेरिकेतील हौशी कार्डकारांचा अनुभव या बाबतीत पाहण्याजोगा आहे. ‘कुणाही सैनिकास’ अशा पत्त्याने टपाल पाठवण्याची सोय तेथील संरक्षण विभागाने २००१च्या अँथ्रॅक्स-भयानंतर बंद केली. पुढे ‘ऑपरेशन राइट होम’ या स्वयंसेवी उपक्रमाने दिशाच उलटी केली. रबरी ठसे वापरून घरोघरी केलेली कार्डे आतून कोरी ठेवायची, सोबत पाकीट द्यायचे, म्हणजे सैनिक ती स्वतःच्या आईला, पत्नीला, मुलांना लिहू शकेल. चमकी लावायची नाही, असा त्यांचा नियम होता. गणवेशाला चिकटलेली चमकी युद्धभूमीवर परवडत नाही. इथे देणाऱ्याच्या भावनेपेक्षा घेणाऱ्याच्या गरजेचा विचार आधी झाला होता. आपल्याकडचा जवान आज बव्हंशी मोबाइलवरून घरी बोलतो, हा आक्षेप बरोबर आहे. पण मुलीच्या वाढदिवसाला पाठवायला सुंदर कोरे कार्ड हाताशी असले, तर ते त्याला नको असेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडे ध्वजदिनाची मूळ कल्पनाही अशीच व्यवहारी होती. १९४९ पासून लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचे छोटे ध्वज वाटून माजी सैनिकांसाठी निधी जमवला जातो. पेन्शनला पात्र ठरण्याइतकी सेवा न झालेले, ६५ वर्षांवरील माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना या निधीतून दारिद्र्य अनुदान मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ते महिना ४,००० रुपयांवरून ८,००० रुपये केले. मुलांच्या शिक्षणाचे साहाय्य १,००० वरून २,००० रुपये झाले. या वाढीव मदतीचा वार्षिक भार सुमारे २५७ कोटी रुपये आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. तरी आठ हजारांत औषधांसह महिना काढणारी वृद्ध विधवा आपल्याच तालुक्यात राहते, हे कार्डे रंगवणाऱ्या मुलांना सांगतो कोण?

माझी सूचना साधी आहे. गठ्ठा छावणीच्या फाटकाऐवजी जिल्हा सैनिक मंडळाकडे (महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे) जावा. वीरनारी, अपंगत्वामुळे सेवामुक्त झालेले जवान, अनुदानाचे लाभार्थी यांच्या नोंदी तिथे असतात. नावे-पत्ते शाळांना देण्याची गरज नाही. कार्यालयाचा कल्याण संघटक कार्ड घेऊन दारात जाईल. आणि दारात गेलेला माणूस नुसते कार्ड देऊन परतणार नाही. हयातीचा दाखला दिला का, पेन्शन अडली आहे का, नातवंडांच्या शिक्षणासाठी अर्ज केला का, हेही तो विचारील. पेन्शनचा कारभार ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून असा विचारणारा माणूस दुर्गम खेड्यातल्या विधवेला अधिकच हवा आहे. संघटकांची रिकामी पदे भरावी लागतील, प्रवासभत्ता वेळेवर द्यावा लागेल. त्याला पैसे पडतील, आणि पडावेत.

उरलेली कार्डे पुण्याजवळच्या खडकीला आणि पंजाबमधील मोहालीला जावीत. पाठीच्या कण्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या जवानांची पुनर्वसन केंद्रे तिथे आहेत. मुलांनी तिथे शौर्याबद्दल लिहू नये, प्रश्न विचारावेत. तुम्ही कुठल्या गावचे, तुमच्याकडे पाऊस कधी पडतो, क्रिकेट पाहता का. फळ्यावरून उतरवलेल्या वाक्याला उत्तर लिहिता येत नाही, प्रश्नाला येते.

यात एक नवा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याकडे आपण डोळेझाक करीत आहोत. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर कमाल २५ टक्के अग्निवीरांनाच कायम सेवेत घेतले जाणार आहे. उरलेल्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळेल. योजनेच्या मूळ अटींनुसार पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. जिल्हा सैनिक मंडळाची सारी रचना त्या दर्जावर उभी आहे. लष्करातील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. राखी बांधून, ठशांची फुले देऊन ज्यांना आपण निरोप दिला, ते तरुण विशीतच गावी परततील. निमलष्करी दलांतील राखीव जागांची चर्चा होते, ती व्हावीच. पण जिल्ह्यात परतलेल्या अग्निवीराची नोंद कोण ठेवणार, त्याच्या दारात कोणाला पाठवणार, हे केंद्र आणि राज्यांनी मिळून येत्या ध्वजदिनापूर्वी लेखी आदेशाने ठरवावे.