विद्यार्थ्याची श्रद्धा आणि वसतिगृहाचे दार

परभणी तालुक्यातील पेडगाव हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक. अशा गावातून विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परभणीला किंवा छत्रपती संभाजीनगरला निघतो, तेव्हा वह्या-पुस्तकांबरोबर घरची श्रद्धाही त्याच्या सोबत निघते. कोणाच्या घरी एकादशी पाळलेली असते, कोणाच्या घरी रमजानचे रोजे, तर कोणाच्या घरी त्रिशरण-पंचशील. गावात या श्रद्धांच्या आळ्या वेगवेगळ्या असतात. शहरात त्या प्रथमच एका बाकावर आणि एका पंगतीत बसू शकतात, आणि शिक्षणाचे हे सामर्थ्य पदवीहून लहान नाही. परंतु भाड्याची खोली पाहायला गेलेल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाआधी आडनाव विचारले जाते आणि ते ऐकताच खोली ‘कालच गेलेली’ असते, हा अनुभव आपल्यापैकी अनेक कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. असा विद्यार्थी शहरात येऊनही पुन्हा आपल्याच आळीत ढकलला जातो.

विद्यार्थ्याच्या श्रद्धेचा मालक कोण, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. 1938 साली निजामी राजवटीत औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. सत्तेने बंदी घातली, विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि शेकडो विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठाचे दार बंद झाले. त्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाला याच पिढीने कार्यकर्ते पुरविले. आपण या लढ्याचा योग्य अभिमान बाळगतो. पण त्याचा धडा अर्धाच लक्षात ठेवतो. सत्तेने विद्यार्थ्याचे ओठ मिटणे हा अन्याय होता. मग सत्तेने किंवा जमावाने विद्यार्थ्याचे ओठ बळाने उघडणे, हा न्याय कसा ठरेल?

संविधानाने या धड्याचा दुसरा अर्धा भाग पूर्ण केला आहे. राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्यास भाग पाडता येत नाही, असे अनुच्छेद 28 सांगतो. केरळमधील एका ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही, धर्मश्रद्धेमुळे, ते म्हटले नाही. म्हणून त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. मूठभरांच्या श्रद्धेलाही बहुसंख्याकांइतकेच संरक्षण मिळते की नाही, यावरच धर्मनिरपेक्षतेची खरी परीक्षा होते.

मात्र केवळ सक्ती न करणे पुरेसे नाही. एकमेकांपासून दूर ठेवलेल्या श्रद्धा एकमेकींना सहन करतील; ओळखणार नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे स्वतःच्या विद्यार्थिदशेत जाणले होते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. पुढे 1924 साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. मुले एकत्र राबत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला राजर्षी शाहूंचे नाव देण्यात आले. जातवार वसतिगृहे ज्या काळात निघाली, त्या काळात त्यांची गरज होती, कारण बाकीची दारे बंद होती. तथापि ती शिडी होती, घर नव्हे. शिडीवरच मुक्काम ठोकला तर वर पोचणार कोण?

दुसरा आदर्श मराठवाड्याच्या भूमीतलाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंद राजाचे नाव लाभले. मिलिंद हा धर्मसंस्थापक नव्हे, की संत नव्हे. भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा तो एक ग्रीक राजा. महाविद्यालयाला गुरूचे नव्हे, तर प्रश्नकर्त्याचे नाव द्यावे, यात विद्यार्थिजीवनाचे सारे तत्त्व सामावले आहे. जी श्रद्धा प्रश्नाला भिते, ती विद्यार्थ्याला अपुरी पडते. आणि जो प्रश्न श्रद्धाळूचा अपमान करतो, तोही त्याला काही शिकवीत नाही.

येथे आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. शिबिरात एखादा मुलगा नमाजासाठी उठला किंवा गळ्यात तुळशीची माळ घालून आला, तर आपल्यापैकी काहीजण ओठांतल्या ओठांत हसतात. आपण त्याला विवेक शिकवीत आहोत, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्याला त्या लोकांकडे धाडीत असतो, जे त्याची माळ किंवा टोपी पाहून त्याला प्रेमाने जवळ बोलावतात आणि नंतर दुसऱ्या धर्माच्या मुलांविरुद्ध उभे करतात. साने गुरुजी ईश्वरावर श्रद्धा ठेवून समाजवादी राहिले. 1947 साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले. श्रद्धा आणि समता यांना एकत्र नांदविणारी ही परंपरा आपलीच आहे.

तेव्हा काम स्पष्ट आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यकर्त्यांनी खेड्यातील विद्यार्थ्यांसाठी एक सामाईक अभ्यासिका चालवावी. आडनाव न विचारता खोली देणाऱ्या घरमालकांची यादी करावी, आणि आपल्या स्वतःच्या घराने त्या यादीची सुरुवात व्हावी. शासकीय वसतिगृहांतील जागा वाढाव्यात व निर्वाहभत्ता वेळेवर मिळावा, यासाठी सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांचा एकच मोर्चा निघावा. खानावळीत रोजेदारासाठी पहाटे चूल पेटावी, एकादशीला उपवास करणाऱ्याची सोय व्हावी आणि ज्याला काहीच पाळायचे नाही त्याला कोणी जाब विचारू नये. मोठमोठ्या ठरावांहून ही चूल अधिक बोलकी ठरेल. पेडगावच्या स्थानकावर गाडीत चढणाऱ्या विद्यार्थ्याला शहरात पहिल्या दिवशी कोणते दार उघडे मिळते, यावरच तो पुढे कोणाचा होणार हे ठरते. ते दार आपले असले पाहिजे.