आजोबा अजून मालक

आमचे आजोबा १९८१ साली गेले. मिळकत पत्रिकेवर मात्र ते गेल्या वर्षापर्यंत ठणठणीत होते. याचा पत्ता लागला तो गावचं जुनं घर उतरवून तिथं खाली-वर दोन मजले बांधायचं ठरलं तेव्हा. स्वयंपाकघर, देवघर, झोपाळा असं सगळं हौसेनं वहीत आखून मी परवानाधारक अभियंत्याकडे गेलो. त्यानं वही हातात न घेताच विचारलं, "क प्रत आहे का?"

क प्रत म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळणारा मोजणीचा नकाशा. आमच्याकडे कुंपण होतं, घरपट्टीच्या पावत्यांची चळत होती. मोजणी तेवढी नव्हती. हद्द कायम मोजणीसाठी अर्ज केला. लगतच्या जागावाल्यांना नोटिसा गेल्या आणि शेजारचे काका नोटीस नाचवत दारात आले. "केस केलीस काय रे माझ्यावर?" त्यांना बसवून चहा दिला, समजावलं. मोजणीत निघालं ते असं, की आमचंच कुंपण दोन फूट त्यांच्या जागेत होतं. काका काही बोलले नाहीत. फक्त दुसरा चहा मागितला.

दोन फूट किरकोळ वाटतात. पण घराभोवती सोडायचं सामासिक अंतर हद्दीपासून मोजतात, कुंपणापासून नाही. आमचा बाहेरचा जिना त्यात गेला. जिना आत आला तसा झोपाळा उडाला. नकाशावर पाडायचं बांधकाम पिवळ्या रेघांनी आणि नवं काम लाल रंगानं दाखवायची रीत आहे. आजोबांचं घर असं पिवळं पडलेलं पाहून आई बराच वेळ गप्प होती.

मग वारसनोंद. आजोबांच्या मृत्यूचा दाखला शोधण्यातच दीड महिना गेला. वडीलही आता नाहीत, म्हणजे वारस आत्या, आई, मी आणि बहीण. "आत्यांकडून हक्कसोड लिहून घ्या, सह्या कमी लागतील," असा सल्ला दोघातिघांनी दिला. सोयीसाठी बायकांची नावं उडवायची ही आपल्याकडची जुनी खोड आहे, ती मी गिरवली नाही. अर्जावर सहमालक म्हणून सही करायला आत्याकडे गेलो. तिनं चष्मा लावून नकाशा उलटसुलट फिरवला आणि विचारलं, "माझी खोली कुठाय यात?" नव्हती. अभियंत्याला तळमजला पुन्हा काढावा लागला.

महाराष्ट्रात मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली, तर डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकच नियमावली आहे. लोक तिला युडीसीपीआर म्हणतात. लहान घरांसाठी तिच्यात चांगली सोय आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे जेमतेम दीड गुंठ्याच्या भूखंडाला ठरलेली कागदपत्रं आणि शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी. त्यापुढे तीनशे चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी. आमची जागा दोन गुंठे. दहा दिवसांत व्हायचं काम नऊ महिन्यांत झालं आणि मी गावभर कचेरीच्या नावानं बोटं मोडत फिरलो. एका रविवारी सगळ्या तारखा वहीत उतरवल्या, तेव्हा दिसलं की नऊपैकी सात महिने मोजणी आणि वारसनोंदीतच गेले होते. चाळीस वर्षं ट्रंकेत पडून राहिलेलं काम होतं ते आमचंच.

उरलेल्या दोन महिन्यांचं खापर मात्र कचेरीवरच. अभियंत्यानं अर्ज ऑनलाइन भरल्यावर तीनदा त्रुटी आल्या, दर वेळी एकेकच. तिन्ही एकदम सांगितल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

"साठ दिवस उत्तर आलं नाही की परवानगी मिळाली असं समजून पाया खणायचा," असं पारावर ठामपणे सांगितलं जातं. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या ४५व्या कलमात असं मानीव परवानगीचं तत्त्व आहे खरं. पण कचेरीनं आणखी माहिती मागितली, तर साठ दिवस तुमच्या उत्तरापासून मोजायचे. शिवाय बांधकाम नियमात काटेकोर बसणारं हवं. नाही बसलं तर ते अनधिकृतच. पारावरचे वकील हा भाग सांगत नाहीत.

परवानगी एक वर्षाची असते. मुदतवाढ दर वर्षी मागून घेता येते, तीही जास्तीत जास्त तीन वर्षं. जोतं झालं की ते तपासून दाखला घ्यायचा, मगच भिंती. आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. वास्तुशांतीला हजार माणसं जेवू घालणारे आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत. भोगवटा घेतलेली घरं किती ते मी विचारून पाहिलं, दोनच निघाली.

आमचं जोतं गेल्या महिन्यात तपासून झालं. आत्या येऊन आपली खोली पावलांनी मोजून गेली.

गावी जागा असेल आणि कधीतरी बांधायचं मनात असेल, तर येत्या सुट्टीत सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून वरचं नाव वाचा. वही घेऊन अभियंत्याकडे नंतर जा.