पुळणीवरचं गोल्फ

लहान मुलाला गोल्फ शिकवायचं म्हटलं की आपल्याकडे आधी पैशांची गोष्ट निघते, मग मैदानाची. पाच-सहा वर्षांच्या पोराला या दोन्हींची गरजच नसते. त्याला अठरा होल नकोत, चौदा क्लबांची पिशवी नको. कमरेइतकी हलकी काठी आणि घट्ट, सपाट जमीन पुरते. जमीन तर रायगडच्या किनाऱ्याला समुद्रच देतो. ओहोटी लागली की वरसोली, नागावची ओली पुळण अशी बसते की तिच्यावरून सायकल जाते.

हा खेळ मुळात समुद्रकाठचाच. स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या रेताड माळांवर तो वाढला. तिथल्या नॉर्थ बेरविकमध्ये मुलांसाठी वेगळं नऊ होलचं मैदान आहे. सोबत मूल असेल तरच मोठ्यांना तिथे खेळता येतं. मला हा नियम फार आवडतो.

आपण मात्र शिकवायला सुरुवात करतो ती उलट्या टोकाने. मुलाच्या हातात बाबांचा क्लब देतो आणि म्हणतो, ‘मार लांब!’ क्लब उंच, म्हणून मूल तो मधेच धरतं. दांड्याचं वरचं टोक पोटाला टोचतं, चेंडू जागचा हलत नाही, आणि दोन-चार फटक्यांत त्याचं लक्ष खेकड्यांच्या बिळांकडे जातं. मोठ्यांचा क्लब कापून आखूड केला तरी त्याचं डोकं जडच राहतं.

म्हणून सुरुवात होलपासून करावी. अधिकृत होल 108 मिलिमीटर रुंद असतो. मोठ्या नारळाची करवंटी पुळणीत काठोकाठ पुरली की जवळपास तेवढंच तोंड मिळतं. टेनिसचा चेंडू घ्यावा, हातभर अंतरावरून ढकलू द्यावा. आत पडला की एक पाऊल मागे. पुन्हा पडला की आणखी एक. फटके त्याचे त्यानेच मोजायचे, कारण गोल्फमध्ये आपली चूक आपणच सांगायची असते. हे वळण लहानपणी लागलं तर पुढे मूल कुठलाही खेळ खेळो, ते कामाला येतं. खरा गोल्फ चेंडू मात्र किनाऱ्यावर आणूच नये. तो दगडासारखा लागतो.

साधनांची अडचण सांगणाऱ्यांनी चेंबूर आठवावं. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबशेजारच्या वस्तीतल्या कॅडींनी, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या पोरांनी, लोखंडी सळ्या वाकवून क्लब केले आणि गल्लीबोळांत प्लास्टिकच्या चेंडूने खेळ मांडला. त्यांच्यातले अनिल बजरंग माने पुढे व्यावसायिक गोल्फपटू झाले. आणि वयाचं म्हणाल, तर बंगळूरूच्या गोल्फपटू अदिती अशोकने पाचव्या वर्षी क्लब धरला होता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिचं पदक एका फटक्याने हुकलं.

पुळणीवर गोडी लागलेल्या मुलाला पुढे गोल्फ मैदानाची हिरवळ लागेलच. ती आपल्याच जिल्ह्यात आहे, खारघरला, आणि सिडकोची आहे. म्हणजे सार्वजनिक संस्थेची. आज तिथे अलिबाग-उरणकडच्या कोळी-आगरी घरातलं मूल पाहुणा म्हणूनही पोहोचत नाही, याची मला खंत वाटते. सिडकोने आठवड्यातली एक सकाळ जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी राखून ठेवावी, मुलांच्या मापाचे क्लब तिथेच द्यावेत आणि शुल्क घेऊ नये. येत्या शैक्षणिक वर्षापासून हे सुरू व्हावं.