पत्रातील फिर्याद

'रिसाला' म्हटले की तुम्हांला मासिक आठवते. पण अरबीत या शब्दाचा जुना अर्थ पत्र असा आहे. दहाव्या शतकात इराकमधील बसरा शहरात काही विद्वानांनी एकत्र येऊन अशी 52 पत्रे लिहिली. त्यांनी आपली नावे गुप्त ठेवली आणि स्वतःला 'इख्वानुस्सफा', म्हणजे निर्मळ मनाचे बंधू, असे म्हणवले. गणित, संगीत, तारे, वनस्पती असे अनेक विषय या पत्रांत आहेत. वाचकाला ते 'बंधो' अशी हाक मारतात.

पत्रात माहिती द्यावी, गोष्टी कशाला सांगाव्यात, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. या पत्रांपैकी प्राण्यांविषयीचे पत्र पाहा. त्यात एक जहाज वादळात सापडून एका बेटाला लागते. बेटावर प्राणी मोकळेपणाने राहत असतात. माणसे उतरतात आणि त्यांना पकडून कामाला जुंपू लागतात. प्राणी जिन्नांच्या राजाकडे फिर्याद नेतात आणि दरबार भरतो.

माणसे म्हणतात, "आमचा बांधा सरळ व सुंदर आहे, म्हणून आम्ही मालक." खेचर उत्तर देते की, प्रत्येकाचे शरीर त्याच्या गरजेप्रमाणे घडले आहे. उंटाचे पाय लांब, म्हणून जमिनीवरचे गवत खाता यावे यासाठी मानही लांब. हत्तीची मान आखूड, म्हणून त्याला सोंड. "आम्ही यांना चारापाणी देतो," असे माणसे सांगतात. त्यावर उत्तर मिळते, "दयेने नव्हे, स्वतःचे नुकसान होऊ नये म्हणून." मग गाढव विटा-दगडांच्या ओझ्याबद्दल बोलते. डोळे बांधून घाण्याला जुंपलेला बैल आपली हकिकत सांगतो. पुढे मधमाशी येते, बेडूक येतो, बुलबुलही येतो.

प्राण्यांशी दयेने वागा, असे लेखकांना एका ओळीत लिहिता आले असते. ती ओळ आपण वाचून विसरलो असतो. बैल स्वतः बोलू लागला की आपल्याला मान खाली घालावी लागते, कारण त्या दरबारात आपण आरोपी असतो. शिवाय लेखकांनी माणसांनाही पुरेपूर बोलू दिले आहे. त्यांचे वकील मूर्ख दाखवलेले नाहीत. मला या पत्राचा हा गुण सर्वांत मोठा वाटतो. हा पोरखेळ समजू नका, असे लेखकांनी शेवटी बजावलेही आहे!

निकाल मात्र माणसांच्या बाजूने लागतो. मृत्यूनंतर माणसाला पुन्हा उठायचे आहे व अनंत जीवन मिळायचे आहे, एवढा एकच मुद्दा प्राण्यांना मान्य होतो. बळ, रूप, बुद्धी यांवर माणूस जिंकत नाही. तरीही एवढ्या तक्रारी ऐकल्यावर हा निकाल मला घाईचा वाटतो. बैलाच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

1810 साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी मौलवी इकराम अली यांनी 'इख्वानुस्सफा' उर्दूत आणले. 52 पत्रांतून त्यांनी हीच फिर्याद निवडली. ते पुस्तक मिळाले तर वर्गात मोठ्याने वाचा. निम्म्या मुलांनी माणसांची बाजू घ्यावी, निम्म्यांनी प्राण्यांची. निकालाचे पान मात्र आधी उघडू नका.